मापाची वाटी

आमच्या पुसदेंत एखाद्याची मुलगी वैद्यकीस लागली म्हणजे गल्लींत पेढे वांटले जातात. अभियांत्रिकीस लागली तर निदान चार लोक आपण होऊन चौकशी करितात. परंतु मुलगी मानवी पोषणशास्त्र शिकावयास गेली आहे असें सांगितलें, कीं ऐकणारा क्षणभर थांबतो आणि मग सौजन्यानें म्हणतो, "वा! म्हणजे स्वयंपाक उत्तम करील." आमच्या वडील बंधूंची कन्या चार वर्षें हाच विषय शिकत होती, आणि त्या चार वर्षांत हें वाक्य आम्हीं इतक्या भल्या माणसांच्या तोंडून ऐकलें, कीं त्याचा एकदां नीट विचार करावा असें आमच्या मनानें घेतलें. प्रस्तुत लेख हें त्या विचाराचें फळ आहे.

बोलणाऱ्यांचा हेतु वाईट नसतो. त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ एवढाच, कीं जें आई आणि आजी चुलीपाशीं बसवून फुकट शिकवितात, त्यासाठीं विद्यापीठ, वसतिगृह, परीक्षा आणि पदवी एवढा खटाटोप कशाला? शिवाय मुलगी वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेस बसली होती व थोडक्या गुणांनीं मागें राहिली होती, हें गांवास ठाऊक होतें. तेव्हां हा विषय म्हणजे वैद्यकाच्या पंगतींत जागा न मिळालेल्यांसाठीं मागाहून मांडलेलें पान, असाही एक समज त्या वाक्याच्या पोटांत दडलेला असे. मुलीस तो लागत असे. पण ती बोलून दाखवीत नसे.

या विषयाकडे अशा दृष्टीनें पाहण्याची रीत जुनी आहे. १९१५ सालीं मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून धोंडो केशव कर्वे यांनीं जपानांतील महिला विद्यापीठाच्या धर्तीवर आपल्याकडेही स्त्रियांचें विद्यापीठ असावें ही कल्पना मांडली, आणि १९१६ सालीं ती अमलांत आणली. तेथील अभ्यासक्रमांत गृहव्यवस्था व आरोग्य या विषयांस मानाचें स्थान होतें. पुढें १९३२ सालीं दिल्लीस लेडी अर्विन कॉलेज निघालें, १९५० च्या सुमारास बडोद्यास गृहविज्ञानाची स्वतंत्र शाखा उघडली, आणि हळूहळू हा विषय देशभर पसरला. पसरला खरा, पण त्याच्या कपाळीं एक शिक्का बसला तो बसलाच. विषय बायकांचा म्हणून हलका, आणि हलका म्हणून बायकांचा, असें हें चक्र आहे. त्यांतून कोणत्या बाजूनें बाहेर पडावें हें कोणासच उमगत नाहीं.

आमच्या मतें घोटाळ्याचें मूळ निराळेंच आहे. अन्न शिजविणें ही एक विद्या आहे, आणि तें अन्न कोणाच्या पोटांत किती गेलें व तेथें गेल्यावर त्याचें काय झालें हें जाणणें ही दुसरी. सुतार उत्तम खाट करितो म्हणून त्यास झोपेचें शास्त्र अवगत असलेंच पाहिजे असें कोणी म्हणत नाहीं. स्वयंपाकाच्या बाबतींत मात्र आपण हा भेद सहज विसरतों.

मुलगी गेली ती परभणीस. पुसदेहून परभणीस जावयाचें म्हणजे पैनगंगा ओलांडून विदर्भांतून मराठवाड्यांत उतरावयाचें. तेथील कृषि विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें आणि २०१३ सालीं त्यास वसंतराव नाईक यांचें नांव देण्यांत आलें. वसंतराव आमच्याच तालुक्यांतले. १ जुलै १९१३ रोजीं गहुलीच्या बंजारा तांड्यावर त्यांचा जन्म झाला, आणि १९६३ पासून १९७५ पर्यंत त्यांनीं महाराष्ट्राचें मुख्यमंत्रिपद भूषविलें. त्यांचे वडील फुलसिंग नाईक यांच्या नांवाचें महाविद्यालय पुसदेंत आहे. त्यामुळें परक्या मुलुखांत गेलेल्या आमच्या मुलीस विद्यापीठाच्या दारावर आपल्याच गांवचें नांव दिसलें, आणि तेवढ्यानेंही तिचा पहिला आठवडा थोडा सुसह्य झाला. ज्या शाखेस पूर्वीं गृहविज्ञान म्हणत, तिचें नांव आतां सामुदायिक विज्ञान असें झालें आहे. घरापुरता समजला जाणारा विषय गांवापर्यंत गेला, एवढें तरी या नामांतरानें कबूल केलें.

पहिल्या वर्षीं स्वयंपाकाचा संबंध फारच थोडा आला. आला तो रसायनशास्त्राचा, शरीरक्रियाशास्त्राचा आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा. डाळींत प्रथिन किती आहे हें चाखून समजत नाहीं. त्यासाठीं डाळीचें पीठ तीव्र गंधकाम्लांत उकळावें लागतें, त्यांतील नत्र अमोनियाच्या रूपानें वेगळा करून मोजावा लागतो, आणि आलेल्या आंकड्यास ६.२५ नें गुणावें लागतें. ही रीत केल्डाल नांवाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानें १८८३ सालीं बसविली. तो दारूच्या भट्टीशीं संलग्न अशा प्रयोगशाळेंत काम करीत असे, आणि त्याला प्रश्न पडला होता तो जवांतील प्रथिनांचा. शेंगदाण्यांतील तेल द्रावकानें काढून घ्यावयाचें, भाजीची राख करून तींतील क्षार मोजावयाचे, एक ग्रॅम स्निग्धापासून नऊ आणि एक ग्रॅम पिष्टापासून अथवा प्रथिनापासून चार उष्मांक मिळतात हें ध्यानांत ठेवून दिवसाच्या जेवणाचा हिशेब मांडावयाचा, असा तो अभ्यास होता. सुटींत घरीं आल्यावर तिच्या पांढऱ्या अंगरख्यावर अम्लानें पडलेलीं भोकें पाहून आमच्या मातोश्रींनीं विचारलें, "कोनतं बेसन फोडनीले टाकत होतीस वं पोरी?"

परंतु तिनें स्वतः सांगितलें तें असें, कीं या सर्वांहून अवघड विद्या साधीच आहे, आणि ती म्हणजे मोजणें. आपल्याकडे माप वाटीचें, ओंजळीचें, चिमटीचें आणि अंदाजाचें. वाटी कोणती, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. वाटीभर वरण म्हणजे त्यांत डाळ किती आणि पाणी किती? भाकरी एक म्हणजे किती पिठाची? पोषणशास्त्राच्या विद्यार्थ्यास ठरीव मापाच्या वाट्या घेऊन घरोघर जावें लागतें, काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय काय खाल्लें हें माणसास आठवावयास लावावें लागतें, शिजलेल्या अन्नावरून कच्च्या शिध्याचें वजन काढावें लागतें, आणि मग कोष्टकें उघडावीं लागतात. हीं कोष्टकें हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें तयार केलेलीं आहेत. १९१८ सालीं कुन्नूर येथें रॉबर्ट मॅकॅरिसन यांनीं एका खोलीवजा प्रयोगशाळेंत बेरीबेरी या रोगाचा शोध सुरू केला, त्यांतून ही संस्था वाढली. १९५८ सालीं ती हैदराबादेस आली. मॅकॅरिसन यांनीं उंदरांचे गट करून एकास शीखांचा आहार, एकास मद्रासी, एकास बंगाली, एकास मराठी, असा प्रांतोप्रांतींचा आहार घालून पाहिला होता; शीख आहारावरचे उंदीर धष्टपुष्ट झाले आणि मद्रासी आहारावरचे खुरटले. २०१७ सालीं निघालेल्या नव्या कोष्टकांत ५२८ खाद्यपदार्थांचें पृथक्करण दिलें आहे. ज्वारी आहे, तूर आहे, अंबाडी आहे, जवस आहे. आपल्या अंगणांतल्या भाजीचें नांव अशा ग्रंथांत पाहिलें म्हणजे मनास बरें वाटतें.

येथें आई-आजींच्या विद्येचा प्रश्न येतो. विद्यापीठाची पोर घरीं आली कीं आजीला नांवें ठेवील अशी अपेक्षा होती. तसें झालें नाहीं. ज्वारींत शेंकडा सुमारें दहा भाग प्रथिन असतें, पण त्यांत लायसीन नांवाचा घटक कमी पडतो. डाळींत लायसीन पुष्कळ, पण दुसरा एक घटक थोडा. दोन्ही एका ताटांत आलीं म्हणजे एकाची उणीव दुसरें भरून काढतें. म्हणजे ज्वारीची भाकरी आणि तुरीचें वरण ही आमच्या भागांतील जोडी कोणा अनामिक आजीनें जमविली ती शास्त्राच्या कसोटीस उतरली. जेवतांना लिंबू पिळण्याची रीतही तशीच. लिंबांतील जीवनसत्त्वामुळें धान्यांतील लोह शरीरास अधिक घेतां येतें. मोड आणलेल्या मटकीचेंही तेंच. मातोश्रींनीं हें सर्व ऐकून घेतलें आणि, "एवढं समजाले चार वर्सं लागतात का?" असें विचारून त्या मोकळ्या झाल्या.

परंतु आजींचा विजय अर्धाच होता. जेवणावर लगेच चहा घेण्याची जी संवय आपल्या घरोघर लागली आहे, ती त्याच लोहाची वाट अडविते. आणि नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्या गरिबांत दख्खनच्या पठारावर पेलाग्रा नांवाचा रोग होत असे. त्यांत अंगावर उन्ह लागणाऱ्या जागीं कातडी काळवंडून फाटते, पोट बिघडतें, आणि अखेर बुद्धिभ्रम होतो. पाश्चात्य देशांत हा रोग मका खाणाऱ्यांचा म्हणून प्रसिद्ध होता. ज्वारी खाणाऱ्यांस तो कां व्हावा, याचा शोध हैदराबादेस डॉ. गोपालन व त्यांचे सहकारी यांनीं घेतला आणि १९६० सालीं ज्वारींतील ल्यूसीन या घटकाच्या आधिक्याकडे बोट दाखविलें. पुढें त्या मतावर वादही झाला. पण भाकरीबरोबर डाळ, भाजी आणि दूध असलेल्या ताटास त्या रोगाची भीति नाहीं, हें निर्विवाद राहिलें. भाकरी चांगली कीं वाईट, असा प्रश्नच चुकीचा आहे. भाकरीच्या शेजारीं काय आहे, हें पाहावयास हवें.

आणि कोणाच्या भाकरीच्या शेजारीं, हेंही पाहावयास हवें. आमच्या सर्व लेखाचा गाभा हा आहे, आणि तो आम्हांस आमच्याच घरांत कळला.

तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुटींत मुलगी एक लहानसा तराजू आणि तीन मापाच्या वाट्या घेऊन आली. घरांतील प्रत्येक माणसाच्या तीन दिवसांच्या जेवणाचें वजन करून वही भरावयाची, असें तिला काम दिलेलें होतें. सणाचे दिवस गेल्यावर तिनें तें हातीं घेतलें. मातोश्रींना तें मुळींच रुचलें नाहीं. "मापानं जेवाले आपन काय कोंबड्या आहों?" असें त्या म्हणाल्या. पण नातीपुढें त्यांचें चाललें नाहीं. ताटांत पडण्यापूर्वीं प्रत्येक भाकरी तराजूवर चढूं लागली.

आमच्या घरची जेवणाची रीत मध्यम स्थितींतल्या चार घरांसारखीच. आधीं पुरुष व मुलें, मग मातोश्री, आणि सर्वांचें झाल्यावर वहिनी व आमचें कुटुंब अशा दोघी. त्यांत कोणी कोणास उपाशीं ठेवीत नाहीं. पीठ डब्यांत असतें, डाळ असते, भाजी रोज येते. तीन दिवसांनंतर वहींत जें उतरलें तें मात्र असें. आमच्या पानांत दिवसाच्या चार भाकरी, दोनदां घट्ट वरण, पालेभाजी, सकाळीं पोहे. वहिनींच्या पानांत दोन भाकरी, त्याही बहुधा एक सकाळची गार. वरण तळाचें, म्हणजे पाणी घालून वाढविलेलें. भाजी एक चमचा, आणि तिसऱ्या दिवशीं तीही नाहीं, तिच्या जागीं ठेचा. दोन भाकरींचें पीठ भरलें १४० ग्रॅम. त्यांतून लोह मिळालें साडेपांच मिलिग्रॅमांच्या आसपास. बाकी सर्व मिळवून दिवसाची बेरीज बारापर्यंत गेली. आमची बेरीज वीसाच्या पुढें होती. आतां राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं ठरविलेली दैनिक शिफारस पुरुषास १९ मिलिग्रॅम आणि प्रौढ स्त्रीस २९ मिलिग्रॅम अशी आहे, कारण स्त्रीच्या शरीरांतून महिन्याकांठीं रक्त जात असतें. ही शिफारस जवळजवळ सर्वांना पुरावी अशा बेतानें ठेवलेली असते, सरासरी गरज त्याहून कमी, स्त्रीस १५ च्या घरांत, हें मुलीनें प्रामाणिकपणें सांगितलें. तरी बारा हे पंधराहून कमीच. ज्यास कमी हवें त्यास अधिक, आणि जिला अधिक हवें तिला कमी, असा तो ताळेबंद निघाला.

मुलगी त्यावर कांहीं बोलली नाहीं. ती वही तिनें तिच्या आईपुढें ठेवली. वहिनींनीं ती पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, मला भूकच तेवढी असते." पुढच्या आठवड्यांत मुलीनें आईच्या रक्ताची तपासणी करविली. रक्तद्रव्य भरलें ९.६. प्रौढ स्त्रीचें तें बाराच्या खालीं गेलें म्हणजे पंडुरोग समजावा अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. जिना चढतांना लागणारी धाप, दुपारचें डोळ्यांपुढें येणारें अंधारें, यांस इतके दिवस घरांत 'वय झालें' असें नांव होतें. वहिनींचें वय त्या वेळीं चौवेचाळीस होतें. "हें तर सगळ्याच बायकांना असतें," असें त्या म्हणाल्या, आणि तें फारसें खोटें नव्हतें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या शंभरांपैकीं ५४ स्त्रियांस पंडुरोग आढळला. जें अर्ध्याहून अधिक बायकांना आहे, तें रोग आहे असें वाटेनासें होतें.

याच रोगाच्या एका प्रकाराचा उलगडा मुंबईंत झाला आहे, हें आमच्या वाचकांपैकीं थोड्यांस ठाऊक असेल. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाची इंग्रज डॉक्टर मुंबईस आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणीं एका विशिष्ट पंडुरोगानें मरत होत्या, आणि लोह देऊन त्यांस गुण येत नव्हता. विल्सबाईंनीं जंतूंचा शोध केला, पण तो निष्फळ झाला. मग त्या या बायकांच्या ताटाकडे वळल्या. भाजी, फळें, दूध यांचा ज्यांच्या अन्नांत अभाव त्यांसच हा रोग होतो असें त्यांस दिसलें. मार्माइट नांवाचा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर त्या बायका बऱ्या झाल्या. ही हकीकत १९३१ सालीं प्रसिद्ध झाली. त्या अर्कांतलें औषधी द्रव्य काय होतें, हें दहा वर्षांनीं पालकाच्या पानांतून निघालें. आज लोहाच्या गोळीबरोबर गरोदर स्त्रियांस जें फॉलिक अम्ल देतात, तेंच तें. हा इतिहास वाचून आमची मुलगी प्रथमच आपल्या विषयाबद्दल ताठ मानेनें बोलूं लागली. दवाखान्यांत ज्याचें उत्तर सांपडलें नाहीं, तें एका बाईनें दुसऱ्या बाईच्या ताटांत शोधलें, या गोष्टीचा तिला अभिमान वाटला. आणि दुसरें पान वाढल्याचा सल तेव्हांपासून गेला.

शेवटच्या वर्षीं विद्यार्थिनींस कांहीं आठवडे खेड्यांत काम करावें लागतें. मुलगी तक्ते व चित्रें घेऊन गेली, आणि पालेभाज्या, लिंबू, मोड आलेलीं कडधान्यें यांवर व्याख्यान देऊं लागली. एका शेतमजूर बाईनें तें पुरतें ऐकून घेतलें व म्हटलें, "ताई, शेवग्याचा पाला दारांत हाय, लिंबू बी हाय. पर मी सकाळी निंदायला जाते ती सांजंला येते. शिजवू कवा अन् खाऊ कवा?" त्या प्रश्नास तिच्या तक्त्यांत उत्तर नव्हतें. ज्ञान नाहीं म्हणून लोक चांगलें खात नाहींत, हा सुशिक्षितांचा आवडता सिद्धांत तेथें लटका पडला. वेळ, मजुरी, जळण, पाणी, आणि घरांतील क्रम, या सर्वांतून जें शेवटीं उरतें तें त्या बाईचें जेवण. मुलीनें दुसऱ्या दिवसापासून व्याख्यान बंद केलें. त्या बायका सकाळीं शेतावर भाकरी बांधून नेत, तींत काय घालतां येईल एवढाच प्रश्न घेऊन ती त्यांच्या चुलींपाशीं बसली. जवसाची व शेंगदाण्याची चटणी, भाकरीच्या पिठांतच मळलेला शेवग्याचा पाला, सोबत एक लिंबू, एवढ्यावर गोष्ट आली; पण ती टिकली.

त्याच गांवच्या शाळेंत तिनें एक दृश्य पाहिलें, तें आम्हांस फार मोलाचें वाटतें. शाळेच्या पोषण आहारांत लहान वर्गांतील प्रत्येक मुलास दिवसाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिन, आणि वरच्या वर्गांत ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिन मिळावें असा नियम आहे. मुलगा आणि मुलगी असा भेद त्या नियमांत नाहीं. पंगतींत भाऊ-बहीण शेजारीं बसलीं होतीं, आणि दोघांच्या ताटांत एकाच डावानें सारखी खिचडी पडत होती. कित्येक मुलींच्या आयुष्यांत सारख्या मापाचें तेवढेंच एक जेवण असेल.

आमच्या भागांतील वडीलधाऱ्या मंडळींस १९७२ चा दुष्काळ आठवतो. रेशनच्या दुकानांतील तांबडी मिलो आठवते, आणि दुष्काळी कामांवर वांटली गेलेली सुकडी आठवते. सुकडीच्या चवीबद्दल कोणी फारसें चांगलें बोलत नाहीं. पण खडी फोडणाऱ्या बाईच्या हातावर तिची स्वतःची सुकडी पडत होती, हेंही तितकेंच खरें. त्यानंतर संकरित बियाण्यांनीं धान्याचीं कोठारें भरलीं. ज्वारीची जागा सोयाबीननें घेतली. आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत कापसाच्या बरोबरीनें आतां तें सर्वत्र दिसतें. डाळींच्याहून अधिक प्रथिन असलेलें हें पीक आमचा शेतकरी पिकवितो आणि विकतो, खात मात्र क्वचित्. २०१८ सालीं परभणीच्या विद्यापीठानें हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साह्यानें लोह व जस्त अधिक असलेली 'परभणी शक्ति' नांवाची ज्वारी प्रसृत केली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण कोठारापासून घरापर्यंत धान्य नेणें हें सरकारास साधतें, सुधारलेलें बीं शेतापर्यंत पोंचविणें विद्यापीठास साधतें. घरांतल्या टोपल्यापासून शेवटच्या माणसाच्या पानापर्यंतचा जो हातभर रस्ता आहे, तो कोणत्याही खात्याच्या नकाशांत नाहीं. हा रस्ता मोजणारी विद्या म्हणजे पोषणशास्त्र, असें आम्हांस वाटतें.

आमच्या घरांत पुढें काय झालें, तें थोडक्यांत सांगतों. डॉक्टरांनीं वहिनींस लोहाच्या गोळ्या दिल्या. एवढी तूट नुसत्या भाजीनें भरून येत नाहीं, हें मुलीनेंही बजावलें. जेवणानंतरचा चहा तासभर पुढें गेला. आणि मुलीनें एकच नवी रीत घातली: सर्व भाकरी आधीं करून टोपल्यांत ठेवावयाच्या आणि रात्रीं सर्वांनीं एकदम बसावयाचें. मातोश्रींचा पुष्कळ दिवस विरोध होता. तव्यावरची भाकरी ताटांत पडली नाहीं तर पुरुषमाणसाचें जेवण होत नाहीं, असें त्यांचें मत. एके दिवशीं त्यांनीं आपल्या सासुरवासाची एक गोष्ट सांगितली. तान्हें मूल अंगावर असतांना त्यांच्या वांट्यास कित्येक रात्रीं केवळ भाताची खरवड आली होती, आणि हें आजपर्यंत त्यांनीं कोणापाशीं बोलून दाखविलें नव्हतें. त्यानंतर विरोध मावळला. सहा महिन्यांनीं वहिनींचें रक्तद्रव्य अकराच्या वर गेलें. जिना चढून त्या आतां गच्चींत वाळवणें घालतात.

राहिला पदवीच्या उपयोगाचा प्रश्न. रुग्णालयांत आहारतज्ज्ञाची जागा असते, अंगणवाड्यांवर देखरेख करणारी पर्यवेक्षिका असते, अन्नप्रक्रियेचे कारखाने आहेत, आणि २०२१ च्या एका केंद्रीय कायद्यानें आरोग्यक्षेत्रांतील संलग्न व्यवसायांत पोषणशास्त्रज्ञांचीही गणना झाली आहे. मुलगी सध्यां पुढील पदवीचा अभ्यास करीत आहे, व तिच्या पोटापाण्याची काळजी तिची ती घेण्यास समर्थ आहे. आमची तक्रार एवढीच, कीं तिच्या वर्गांत मुलगे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. घरचें अन्न कसें वांटलें जावें हें ठरविण्यांत पुरुषांचा शब्द चालतो, आणि तें मोजण्याची विद्या मात्र मुलींनीं शिकावी, ही व्यवस्था फार दिवस टिकूं नये.

ज्या वाचकांस हें सर्व आपल्या घराविषयीं लागू नाहीं असें वाटत असेल, त्यांस आमचें एकच सांगणें आहे. त्यांनीं तें खुशाल न मानावें. पण न मानण्यापूर्वीं एकदां मोजून पाहावें. त्यासाठीं एक वही, एक तराजू आणि तीन दिवस, एवढेंच लागतें. आणि वजनास सुरुवात करावयाची ती सर्वांत शेवटीं जेवणाऱ्या माणसाच्या पानापासून.